अमेरिकेने मेट्रिक पद्धत स्वीकारावी का? इंच-पौंडांवर त्यांचं कुठे काय अडलंय?

स्वीकारावी. आणि अडतं ते त्यांना दिसत नाही, कारण ते इथे पुण्याजवळ भोसरीत अडतं.

माझं छोटं मशीन शॉप आहे. पूर्वी मी आणि थोरला भाऊ मिळून चालवायचो. तेव्हा एका निर्यातदारामार्फत अमेरिकेतलं काम आलं होतं. ॲल्युमिनियमचे दीडशे ठोकळे, प्रत्येकाला चार भोकं, भोकांत ५/१६ इंची आटे, इंचाला १८. आमचं बाकी सगळं काम मिलिमीटरमध्ये. ज्यांनी हे टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायची हत्यारं, हाताळलेत त्यांच्या लक्षात आलंच असेल. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि आपला मेट्रिक आट्याचा एम ८ म्हणजे ८. शेजारी ठेवले तरी डोळ्याला पटकन कळत नाही. दोन आट्यांमधलं अंतर मात्र एम ८ ला १.२५ मिलिमीटर आणि त्याला १.४१.

रात्रपाळीचा पोरगा आयटीआय करून नुकताच लागलेला. ट्रेमध्ये दोन्ही टॅप पडलेले. त्याने एम ८ उचलला आणि सकाळपर्यंत सहाशे भोकांना आटे पाडून मोकळा झाला. सकाळी आम्ही तपासलं तेही बोल्ट फिरवून, आणि तो बोल्टसुद्धा एम ८. मस्त बसला! माल गेला. निर्यातदाराच्या इन्स्पेक्टरने ५/१६ चा गेज, म्हणजे आटे तपासायचं माप, लावला तर तो जेमतेम दीड आटा आत जाऊन अडकला. अख्खा लॉट परत. हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून देतो म्हणालो, तेही नको म्हणाले.

दादाने नुकसान पोराच्या पगारातून कापलं आणि महिन्याभरात त्याला काढून टाकलं. मी भांडलो, पण कमी पडलो. ते आजही सलतं.

दादाचं म्हणणं असं, की कारागिराला दोन्ही मापं आलीच पाहिजेत. वडिलांनी जन्मभर सुतात काम केलं, त्यांचं काही बिघडलं नाही. वडिलांना यायचं हे खरं. आठ सूत म्हणजे इंच, तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, झोपेतून उठवलं तरी सांगायचे. पण वडील एका वेळी एकच जॉब करायचे, स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी. पहाटे तीन वाजता एकाच ट्रेमध्ये दोन मापांचे टॅप ठेवायचे आणि पोरगा चुकला की त्याला धरायचं, हा कुठला न्याय?

नासाचं बघा. १९९९ मध्ये त्यांचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापर्यंत जाऊन नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरचे, म्हणजे यानाच्या छोट्या इंजिनांचे, आकडे पौंड-सेकंदांत दिले, ते पुढे न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले. एका पौंडाचे जवळपास साडेचार न्यूटन होतात. तरी नासाने कुणा एका इंजिनियरच्या माथी खापर फोडलं नाही. माणसाकडून चूक होते, ती पकडणारी आमची व्यवस्था कमी पडली, असं त्यांनी उघड सांगितलं. आमच्या पोराला एवढं म्हणणारं कुणी भेटलं नाही.

बरं, अमेरिकेला मेट्रिक परकं आहे असंही नाही. तिथे ते १८६६ पासून कायदेशीर आहे. १९५९ पासून तर त्यांचा इंचच २५.४ मिलिमीटर असा ठरवलेला आहे. १९७५ मध्ये बदलाचा कायदाही केला, पण ऐच्छिक ठेवला, आणि त्यासाठी नेमलेलं मंडळ १९८२ मध्ये गुंडाळलं. सक्तीशिवाय मापं बदलत नाहीत. आपल्याकडे १९५६ चा कायदा, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अंमल, आणि १९६२ मध्ये व्यापारात किलो सक्तीचा. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. शेर-पायली सोडून ती किलोवर आली, आणि त्याआधी आणे सोडून नव्या पैशांवर. मग अमेरिकेला काय कठीण आहे?

आता हेही सांगायला हवं, की आपणही पुरते सुटलेलो नाही. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि सौदा गुंठ्यात ठरतो. फ्लॅट अजून स्क्वेअर फुटात. शिवाय अमेरिकेतल्या माझ्यासारख्या छोट्या वर्कशॉपवाल्याला लेथ, गेज, टॅप सगळं बदलायचा खर्च झेपणार नाही, त्याला दहा-पंधरा वर्षं द्यावीच लागतील. जुन्या यंत्रांचे सुटे भाग त्यानंतरही इंचातच लागतील.

तोवर तुमच्याकडे अमेरिकेचं काम येत असेल तर इंची टॅप आणि गेज वेगळ्या कपाटात ठेवा, लाल रंग मारा, किल्ली एकाकडेच द्या. त्या आट्याचा गेज विकत घेतल्याशिवाय काम हातात घेऊ नका. दादापासून वेगळा झाल्यावर मी पहिलं हेच केलं.

दादा अजून म्हणतो, पोराने टॅपवरचा आकडा वाचायला हवा होता. टॅप धरणाऱ्या चकमध्ये घासून घासून तो आकडा पुसला गेला होता. तो टॅप माझ्याकडे आहे. दादाने कधीही यावं आणि बघावा.