गाणंबिणं : ‘सो क्यूट’ नव्हे हो!

गेल्या महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेत आम्ही ज्येष्ठ मंडळींसाठी ‘यंग अ‍ॅट हार्ट’ हा माहितीपट दाखवला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थॅम्प्टन गावी 1982 पासून म्हाताऱ्या माणसांचा एक गायनसंघ आहे. सरासरी वय ऐंशीच्या घरात, आणि गाणी मात्र रॉकची. त्यांच्या सात आठवड्यांच्या तालमी स्टीफन वॉकर या ब्रिटिश दिग्दर्शकाने टिपल्या आहेत. त्या खेळानंतर आलेल्या पत्रांनी माझं टेबल भरलंय. त्यातल्या काहींना इथं उत्तरं देते.

बाई, सुरुवातीलाच ब्याण्णव वर्षांच्या आजी रॉक गायला लागल्या आणि हॉल हसत सुटला. शेजारी बसलेली माझी सून म्हणाली, “सो क्यूट!” मला ते खटकलं. मीच चिडकी झालेय का?
— एक वाचक, विश्रामबाग

अजिबात नाही. हसण्याला माझी हरकत नाही, कारण आजींना तुम्हाला हसवायचंच होतं. ते गाणं मूळचं तरुण जोडप्याच्या कुरबुरीचं : मी थांबू की जाऊ, एकदाचं सांगून टाक. ब्याण्णवाव्या वर्षी हाच सवाल टाकला की तो नवऱ्याला की थेट यमाला, हे त्या बाईंना पक्कं ठाऊक आहे. विनोद त्यांचा आहे आणि तो त्या बरोबर वेळ साधून करतात. ‘क्यूट’ म्हटलं की तो त्यांच्या हातून काढून घेतला जातो. ‘क्यूट’ आपण रांगत्या पोराला म्हणतो, कारण त्याच्याकडून आपली काही अपेक्षा नसते.

आता त्यांची गाणी बसवणारे बॉब सिलमन आठवा. एका गाण्यात ‘कॅन’ हा शब्द 71 वेळा येतो आणि दरवेळी कुणीतरी घसरतं. हा माणूस गाणं सोपं करून देत नाही, “वयाच्या मानानं छान” असंही म्हणत नाही. चुकलं, परत घ्या. हॉलमध्ये बऱ्याच जणांना तो खडूस वाटला. मला सगळ्या फिल्ममध्ये सगळ्यात आदबीनं वागणारा तोच दिसला. सुनेला एवढंच सांगा, की आजींच्या गाण्यात चूक काढता आली तर जरूर काढ.

आपल्याकडे अभंग आहेत, नाट्यपदं आहेत. त्या वयात असला धांगडधिंगा कशाला?
— वय 68, माधवनगर

धांगडधिंगा त्यांनाही नकोच होता. त्यातल्या बहुतेकांची आवड ऑपेरा आणि जुनं अभिजात संगीत. रॉक सिलमननं गळ्यात घातला, सुरुवातीला तोंडं वाकडी झाली आणि मग जिद्द चढली.

आणि नाट्यपदांचं म्हणाल, तर हिशोब करा. विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीता स्वयंवर’ केलं ते 1843 मध्ये, म्हणून सांगलीकर म्हटला की तो पदंच गुणगुणणार असं आपण धरून चालतो. आज पंचाहत्तरीत असलेली बाई ‘गीतरामायण’ आकाशवाणीवर सुरू झालं त्या 1955 साली पाच-सहा वर्षांची होती. शम्मी कपूर बर्फात “याहू” ओरडला तेव्हा अकरा-बाराची. तिच्या कानात काय साठलंय हे कुणी विचारतच नाही, सरळ हातात टाळ देतात. तुम्ही तर तिच्याहून सात वर्षांनी लहान, तुम्हाला तर आर. डी. बर्मन चालायला हवा!

माझ्या यजमानांना गाता येत नाही, तरी गातात. समूहात घ्यावं का?
— गावभाग

घ्या. हार्मोनियमपासून लांब बसवा.

फिल्म चांगली होती, पण माणसं मेलेली दाखवायला नको होती. माझ्या आईला त्या रात्री झोप लागली नाही.
— मिरज

तालमींच्या काळात संघातले दोघे जातात. एकाची बातमी तर तुरुंगात गायला निघालेल्यांना कार्यक्रमाच्या तोंडावर कळते. ते तरीही गातात, आणि समोरचे कैदी रडू लपवत नाहीत. पुढे दोघांनी मिळून म्हणायचं गाणं उरलेला एकटा म्हणतो, खुर्चीत बसून, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. ओळ संपली की यंत्राचा फस्स आवाज येतो, तोही ठेक्यासारखा. हे गाळलं असतं तर हौशी म्हाताऱ्यांची करमणूक तेवढी उरली असती.

आपल्याला यात नवं काय आहे? गावाकडं भजनी मंडळातला कुणी गेला तर मंडळ टाळ-मृदंग घेऊन त्याच्या तिरडीबरोबर चालतं आणि पुढच्या एकादशीला त्याची जागा धरून दुसरा उभा राहतो. आईंना झोप का लागली नाही, हे मात्र तुम्ही त्यांनाच विचारा. भीतीनंच असेल असं गृहीत धरू नका. त्या रात्री मलाही झोप नव्हती, पण माझ्या डोक्यात त्या गाण्याचा ठेका चालू होता.

आम्हा बायकांचं भजनी मंडळ आहे. फिल्म बघून चार पुरुषही यायचं म्हणतात. पट्टी कशी जुळवायची? आणि पेटी 2019 च्या पुरात भिजलेली आहे.
— हरिपूर

तरुणपणी हे अवघडच. बाई काळी चारवर (पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) गाते, पुरुष काळी एकवर, आणि एकत्र म्हणायला गेलं की कुणीतरी किंचाळतं नाहीतर कुणीतरी पुटपुटतं. पण उतारवयात निसर्ग थोडी मदत करतो. वय झालं की बायकांचा आवाज खाली उतरतो आणि पुरुषांचा, स्वरतंतू पातळ झाल्यामुळं, थोडा वर सरकतो. म्हणजे दोघं एकमेकांच्या जवळ येतात. काळी चारचा मान सोडा, पांढरी तीनवर या, तीही चढी वाटली तर काळी दोन. एका सप्तकात मावणारी चाल निवडा. तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, थांबायची हौस ज्या बाईंना असेल त्यांना ती एक ओळ एकटीनं द्या, बाकीच्यांचा घसा वाचेल.

श्वास तोकडा पडतो, म्हणून लांब ओळ असेल तिथं सगळ्यांनी एकदम श्वास घेऊ नये, आळीपाळीनं घ्यावा. ऐकणाऱ्याला खंड कळत नाही. कुणाला दमा किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शब्द मोठ्या अक्षरांत छापून घ्या. कानाला यंत्र असलेल्यांना तबल्याच्या शेजारी बसवू नका, त्यांना फक्त धाडधाड ऐकू येतं. मांडी घालण्याचा आग्रह नको, खुर्च्या ठेवा. वेळ चारची ठेवा, अंधार पडायच्या आत माणसं घरी पोचली पाहिजेत. आणि मंडळात एक जण कडक हवा, तो कुणाचाही जावई नसावा.

पेटीच्या आतले पितळी सूर खराब झाले असतील. मिरजेत वाद्यांच्या कारागिरांना दाखवून घ्या, दुरुस्तीत अर्थ आहे की नाही ते तिथं सांगतील. तोवर मोबाइलवरचा तानपुरा लावा, फक्त फोन फ्लाइट मोडवर टाका. आमच्याकडे परवा ऐन अभंगात गॅस सिलिंडरवाल्याचा फोन आला.