फायर इंजिनिअरला मराठवाड्यात काम मिळतं का? रोज काय करावं लागतं?

मिळतं. वाळूज, शेंद्र्यात कारखाने आहेत, पण मला जास्त काळजी जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांची. कापसाच्या गाठीत शिरलेली ठिणगी आतल्या आत धुमसते. पाणी मारलं, विझली वाटते, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर. गाठ फोडूनच बघावी लागते.

एरवी निम्मा दिवस पंपघरात. मागे एका ठिकाणी गेजवर दाब चांगला होता; सगळ्यात लांबचा हायड्रंट (आग विझवायला पाणी घ्यायचा नळ) उघडला तर नुसती करंगळीएवढी धार. मधला व्हॉल्व्ह अर्धा बंद! त्या लांबच्या हायड्रंटवर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो दाब हवा.

महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र लागतं. मालक कितीही घाई करो, पाणी सोडून बघितल्याशिवाय सही करू नका.

पदवीसाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय बघा.