टे नदीवर गरवायला जायचंय

प्रश्न : मी चिपळूणचा, वय ६१. लहानपणापासून वाशिष्ठीवर गरवतो. मुलगी स्कॉटलंडात डंडीला शिकते, जूनमध्ये आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. तिथल्या टे नदीत एकदा सॅमन धरायचाय. परवाना कुठे काढायचा? आणि नदीत शिरल्यावर सॅमन काही खात नाही असं वाचलं. मग तो गळाला लागतो कसा?

उत्तर : चिपळूणकर, दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं अर्धं उत्तर तुम्हाला घरीच ठाऊक आहे. मृगात चढणीचे मासे उलट्या पाण्याने निघतात ते अंडी घालायला. सॅमनचंही तेच, फक्त पल्ला मोठा. तो इथे स्कॉटलंडातल्या ओढ्यांत जन्मतो, काही वर्षं गोड्या पाण्यात काढतो, मग थेट ग्रीनलंडच्या बाजूला समुद्रात जातो. तिथे अंगावर चरबी चढवायची आणि वासाचा माग काढत जन्माच्या नदीत परतायचं. पुढे महिनोन्‌महिने उपास. तरीही पिसं-दोऱ्याची नकली माशी तोंडासमोरून गेली की एखादा झडप घालतो. जुनी खोड म्हणून की नुसत्या वैतागाने, यावर इथे वाद झडतात. मी वैतागवाल्यांपैकी.

आता परवाना. इंग्लंडात गळाच्या काठीचा सरकारी परवाना लागतो, स्कॉटलंडात नाही. पण हुरळू नका. इथे सॅमन धरायचा हक्क ही खाजगी मालमत्ता आहे. नदीच्या एकेका तुकड्याला ‘बीट’ म्हणतात, आणि मालकाची लेखी परवानगी नसताना गळ टाकला तर तो गुन्हा. चांगल्या बीटचा एका दिवसाचा दर ऐकून मुलगी तुम्हाला घरीच बसवील. मात्र बऱ्याच ठिकाणी सोबत ‘गिली’ मिळतो, म्हणजे पाण्याचा जाणकार वाटाड्या. तो सांगेल तिथेच टाका. १९२२ च्या ऑक्टोबरात याच नदीवर जॉर्जिना बॅलन्टाइन या बाईंनी, वडील वल्ह्यावर असताना, ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोंचा सॅमन काढला. दोन तासांहून जास्त झुंज चालली. ब्रिटनमधला गळाचा तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही.

रविवारी सॅमनला गळ टाकायला बंदी. धरलेला विकायलाही बंदी. ३१ मार्चपर्यंत प्रत्येक सॅमन पाण्यात परत सोडावाच लागतो. जूनमध्ये ते नदी आणि बीटच्या नियमांवर ठरतं, पण सोडायच्याच तयारीने जा. तिखल्याचा बेत असेल तर दुकानातून आणा.

खरं सांगू? मी तुमच्या जागी असते तर ब्राउन ट्राउट या माशाच्या मागे लागले असते. त्याचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. गावोगावचे मासेमारी क्लब दिवसाचं तिकीट देतात, तेही परवडणाऱ्या दरात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि ट्राउट संध्याकाळीच वर येऊन माश्या टिपतो. तो पोटासाठी खातो, त्यामुळे तुमची इतक्या वर्षांची नजर इथे कामाला येईल.

काठी चिपळूणहून आणू नका, इथे भाड्याने मिळते. आणलीच तर गळ, दोरी, बूट सगळं धुऊन कडकडीत वाळवून आणा. नॉर्वेत बाहेरून आलेल्या एका सूक्ष्म परजीवीने नद्याच्या नद्या सॅमनविना केल्या, म्हणून इथले लोक परक्या ओल्या सामानाला फार घाबरतात. आणि डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी विसरू नका. इथल्या ‘मिज’ चिलटांपुढे आपले डास सज्जन.