डोळे कोरडे राहिले म्हणून

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोटांनी एवढं लिहिणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर नर्सचं आहे, डॉक्टरांचं नाही, तेव्हा वाचता येईल.

तू लिहितोस, की संजीवन सभेच्या शेवटच्या रात्री 'प्रभूला जीवन द्यायला पुढे या' अशी हाक आली आणि तूही पुढे गेलास. आजूबाजूला कुणी ढसाढसा रडत होतं, कुणी थरथरत होतं, आणि तुझे डोळे कोरडे ठणठणीत. 'मी समर्पण केलं, की नुसता पुढे जाऊन आलो?' हा तुझा प्रश्न. त्याच्या आत दुसरा एक आहे, तो तू लिहिला नाहीस: देवाने सगळ्यांना स्पर्श केला आणि नेमकं मला वगळलं का?

नाही वगळलं. आपल्या मंडळ्यांमध्ये अश्रूंना जरा जास्तच भाव आलाय, असं माझं स्पष्ट मत आहे. वॉर्डात इतकी वर्षं काढली. काही माणसं सुई बघूनच रडतात आणि काही आईला मातीत ठेवून आल्यावरही रडत नाहीत. प्रेम कुणाचं जास्त, ते त्यावरून कधीच कळलं नाही.

जॉन वेस्लीचं नाव तुझ्या मेथडिस्ट मित्रांकडून ऐकलं असशील, त्यांचा पंथ त्याच्यापासून सुरू झाला. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत आपल्या हृदयात विलक्षण ऊब दाटल्याचं त्याने रोजनिशीत लिहिलं. तोवर त्याला याजक होऊन जवळजवळ दहा वर्षं झाली होती, अमेरिकेत जॉर्जियाला मिशनरी म्हणूनही जाऊन आला होता. हा प्रसंग उपदेशांत पुष्कळदा येतो. त्याच नोंदीत पुढे काय आहे, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. थोड्याच वेळात त्याच्या मनात आलं, की हा विश्वास असूच शकत नाही, कारण आनंद कुठे आहे? मग त्याला उमगलं, की शांती आणि पापावर जय या गोष्टी विश्वासाबरोबर येतातच, पण आनंदाचं भरतं देव कधी देतो आणि कधी राखून ठेवतो; ती त्याची मर्जी. ज्या रात्रीचे इतके गोडवे गातात, त्या रात्रीसुद्धा हा प्रश्न होता. तू काही वेगळा नाहीस.

तेव्हा रडलास की नाही, हे बाजूला ठेव. त्या रात्री तू नेमकं काय दिलंस, ते मला सांग. 'प्रभू, माझं सगळं तुझं' असं म्हणालास, असं लिहितोस. हे 'सगळं' फार सोयीचं असतं. त्यात सगळं येतं, म्हणून एकही गोष्ट हातातून सुटत नाही. प्रेषित पौलाने रोमकरांना, म्हणजे रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, बाराव्या अध्यायात, 'आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून समर्पण करा' असं लिहिलं. शरीर म्हटलं की पळवाट राहत नाही. रात्री एक वाजता फोन धरलेला हात द्यायचा आहे. सातपूरच्या कंपनीत सुपरवायझरच्या पाठीमागे चालणारी जीभ द्यायची आहे. आणि तुझ्या दादाशी घराच्या वाटणीवरून बोलणं बंद आहे, तेही त्यात येतं. मेसेजमध्ये तू ते एका ओळीत उरकलंस. मला वाटतं, तुझं समर्पण तिथे अडलंय, सभेत नाही.

एकेक गोष्ट नाव घेऊन दे. आज दिलेली उद्या परत घेशील, कारण माणूस घेतोच. परत दे. एकदा पुढे गेलं की कायमचं झालं, ही समजूत कुठून आली कोण जाणे. येशूने मागे येणाऱ्यांना दररोज वधस्तंभ उचलायला सांगितलं. लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात 'दररोज' हा शब्द आहे.

आता पुण्याच्या नोकरीबद्दल. 'देवाला सगळं दिलं तर मग आता मागायचं कसं?' असं विचारतोस. माग की. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू पहिल्यांदा काय बोलला? हा प्याला माझ्यापासून टळून जावो, हे. त्यानंतर 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो'. मत्तय लिहितो, की त्याने तीच प्रार्थना तीन वेळा केली. जो तोंडाने मागतच नाही, त्याला काय हवंय ते त्याने स्वतःपासूनही लपवलेलं असतं, मग तो देणार काय? फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला गर्दी होते. सगळ्या धर्मांची माणसं नवस घेऊन येतात. आपल्यातले काहीजण त्या रांगेकडे बघून नाक मुरडतात. मी नाही मुरडत. मनातलं खरंखुरं मागणं घेऊन उन्हात तासन् तास उभी राहणारी बाई देवाशी निदान खरं तरी बोलत असते. मागून झाल्यावर मूठ उघडायची, एवढंच आपल्याला शिकायचं आहे. नोकरी मिळो, नाही मिळो, दादाला फोन तर करायचाच आहे.

एक मात्र कडक शब्दांत सांगते. समर्पण देवाला करायचं असतं, माणसाला नाही. 'प्रभूने मला दाखवलंय, तू अमक्याशी लग्न कर, तमकी नोकरी सोड, पगाराचा एवढा भाग माझ्या सेवेला दे' असं सांगणारे भेटतील. गोड बोलतील, वचनंही पाठ असतील. त्यांना नम्रपणे चहा पाज आणि घरी पाठव. पवित्र आत्म्याला तुझा पत्ता ठाऊक आहे. आणि विश्वासाच्या नावाखाली औषध बंद करायला सांगणारा कुणी भेटला, तर चहासुद्धा पाजू नकोस. इन्सुलिन सोडून प्रार्थनेला बसलेले पेशंट कोणत्या अवस्थेत दाखल होतात, ते मी पाहिलंय. पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला होता. 'विश्वास कमी पडतोय तुझा' असं नाही म्हणाला.

बदल होतोय की नाही, हे कळायचं कसं? हा तुझा खरा घोर. रोज रात्री स्वतःला तपासतोस, आज राग आला का, आज प्रार्थनेत मन लागलं का, आणि रोज नापास करतोस.

माझ्या भावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. ऊन चाळिशीला टेकलेलं असतं आणि सगळी वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या जाड फांदीपर्यंत, खरडून काढायची, जेमतेम एकदोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे. ज्याने आधी पाहिलं नाही, त्याला बाग मेली असंच वाटतं. मग नव्या फुटी येतात, त्यांच्या काड्या तयार होतात, आणि त्या काड्यांच्या डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचे घड आतल्या आत घडायला लागतात. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. ते दिसतात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. त्या छाटणीआधी शेतकरी काडीचे नमुने प्रयोगशाळेत देतात. तिथे डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली घड आहे की नाही बघतात. कापलेला डोळा अर्थात पुन्हा फुटत नाही. म्हणून नमुना थोडाच न्यायचा असतो. सगळी बाग कापून बघितली तर घड येणार कुठून? तू रोज रात्री तेच करतोयस.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू फाट्याला, म्हणजे वेलीच्या फांदीला, एकच काम सांगतो, वेलात राहा. छाटणी पित्याची. आणि तिथे लिहिलंय, की ज्या फाट्याला फळ येतं त्यालाच तो अधिक फळ यावं म्हणून छाटतो. गेल्या वर्षभरात तुझं बरंच काही तुटलं, ते मला ठाऊक आहे. प्रत्येक दुःखाला देवाची छाटणी म्हणायची माझी तयारी नाही. काही दुःखं माणसांनी केलेली असतात आणि त्यांचा जाब माणसांनीच द्यावा. पण जे तुटलं, त्याचा शेवट तिथेच झाला, असं मात्र समजू नकोस.

वेळ लागतो, बाळा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः पुढे काही वर्षांनी भेटला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तुझा तर पाळण्यातला बाप्तिस्मा, मग घाई कसली? आणि आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक बघ. नवरा 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, तेव्हा त्या नाही झाल्या. माहेरचे, सासरचे, समाज, सगळ्यांच्या ओढाताणीत वर्षं गेली. पुढे मनातलं सोवळंओवळं सुटलं, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने, नवऱ्याच्या मागे फरफटत नाही. देवाने त्या पाच वर्षांत त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. जो देव थांबू शकतो, त्याच्याच हाती स्वतःला द्यावं.

तुझ्यातला बदल बहुधा तुझ्याआधी घरच्यांना कळेल. एखाद्या दिवशी आई म्हणेल, 'हल्ली ताट आपटत नाहीस तू.' तुला आठवणारही नाही कधी थांबलास ते. पौलाने लिहिलंय ना, 'यापुढे मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो.' ते वाक्य सभेतल्या आरोळीसारखं म्हणतात. पण गलतीकरांस लिहिलेल्या त्याच पत्रात थोडं आधी पौलाचं पेत्राबरोबर जेवणाच्या पंगतीवरून, यहूदी नसलेल्यांबरोबर बसायचं की नाही यावरून, झालेलं भांडण आहे. ख्रिस्त माझ्यात जगतो की नाही, हे कुणाबरोबर बसून जेवतो त्यावरून कळत होतं, तेव्हाही.

करायचंच असेल तर एवढं कर. रात्रीची तपासणी बंद. त्याऐवजी सकाळी, कामावर निघण्याआधी, त्या दिवसाची एक गोष्ट नाव घेऊन प्रभूच्या हाती दे. जमलं तर मोठ्याने बोलून. मग गप्प बस, बस चुकणार नाही इतपत. काही जाणवलं तर उपकार मान. नाही जाणवलं तरी तो तिथे आहे, कारण 'मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे' हे त्याने म्हटलंय. ते आपल्या जाणवण्यावर सोडलेलं नाही.

सुरुवात दादापासून कर. वाटणीचा विषय काढू नकोस, मुलांची चौकशी कर. तो तुसडेपणाने बोलेल, त्याचा स्वभावच आहे. बोलू दे. पुढच्या आठवड्यात परत कर.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी

ता. क. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे उठून प्रार्थनेचा हट्ट धरू नकोस. एलीया संदेष्टा वैतागून झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी जेवायला घातलं आणि झोपू दिलं. नीट झोप घे, आणि कॅन्टीनचा वडापाव रोज खाऊ नकोस.