अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना विज्ञान कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की आठवीच्या वर्गात एलडीची, म्हणजे अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा आकडेमोडीत खास अडचण) असलेली दोन मुलं आहेत, त्यांना विज्ञानातलं काहीच कळत नाही, तर कोणती साधनं वापरू? ‘काहीच कळत नाही’ हे कशावरून ठरवलंत? वहीवरून ना? मीही एकदा तसंच ठरवलं होतं. त्याची बोच अजून गेलेली नाही.

तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. दहावीला ‘प्रकाशाचे अपवर्तन’ (एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाश वळतो तो धडा) संपवून घटक चाचणी घेतली. एका मुलाला २० पैकी २ गुण. पेपरात कुठे ‘अपर्वतन’, कुठे ‘परार्वतन’, दर वेळी रफार एक घर अलीकडे. खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं. मी लाल पेनानं शेरा मारला, ‘अभ्यास नाही’.

पुढच्या आठवड्यात उजळणीला नाण्याचा प्रयोग केला. वाटीतलं नाणं दिसेनासं होईपर्यंत मागे सरकायचं, मग दुसऱ्यानं पाणी ओतायचं की नाणं पुन्हा दिसतं. तास संपल्यावर हा मुलगा टेबलाशी थांबला. “बाई, तेल ओतलं तर अजून वर येईल का?”

हा प्रश्न मला अठरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी घरून शेंगदाणा तेल नेलं. दोन सारख्या वाट्या, एकीत पाणी, एकीत तेवढंच तेल. तेलातलं नाणं किंचित वर दिसलं. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, १.३३, या तेलाचा १.४७ च्या आसपास, म्हणून. का झालं असेल, असं विचारल्यावर त्यानं कोपरापासून हात तिरका केला. “किरण बाहेर पडताना आडवा होतो. तेलातून जास्त आडवा होतो.” स्तंभिका (पृष्ठभागाला काढलेली लंब रेषा) हा शब्द त्याला आठवला नाही, पण हात बरोबर स्तंभिकेपासून दूर झुकला होता.

मी त्याची तोंडी घेतली आणि २ चे ११ केले. त्यावरून स्टाफरूममध्ये वाजलं. एक ज्येष्ठ सर म्हणाले, “बाई, उद्या सगळीच पोरं तोंडी मागतील. आणि बोर्डाच्या पेपराला त्याच्या शेजारी तुम्ही बसणार आहात का?” मी गप्प बसले. खरं तर उत्तर होतं. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती आहेत, वाढीव वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता नावानिशी आहे. सर, ज्याला लिहिताच येतं त्यानं तोंडी मागितली तर घ्या की त्याचीही. दोन प्रश्न उलटे विचारले की पाठांतर लगेच उघडं पडतं. त्या मुलाचे, या सवलतींसाठी लागणाऱ्या अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचे कागद शाळेनं ‘आता उशीर झाला’ म्हणून पुढे पाठवलेच नाहीत. विज्ञानात तो काठावर पास झाला.

तर, साधनं. आधी वस्तू हातात द्या, शब्द नंतर. आपण उलटं करतो, फळ्यावर व्याख्या आणि जमलं तर प्रयोग. बहिर्वक्र भिंग डोळे मिटून बोटांनी चाचपू द्या. मध्ये जाड, कडेला पातळ, हे बोटांना कळलं की नाव चिकटतं. ‘अप’ आणि ‘परा’ वेगवेगळ्या रंगांत लिहा, परावर्तन म्हणजे परत येणं हे बोलून घ्या. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावू नका, झेरॉक्स द्या. आकृती छापील द्या, नावांच्या चिठ्ठ्या त्यांना चिकटवू द्या. रासायनिक संज्ञांमध्ये मोठा सी–मोठा ओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि मोठा सी–छोटा ओ म्हणजे कोबाल्ट, हा फरक नुसत्या डोळ्यांवर सोडू नका. ठोकळे करा, मोठा आणि छोटा. प्रश्न वाचून दाखवा.

हे सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, हेही सांगते. माझा अनुभव वाचन-लेखनाच्या अडचणीचा. गणनदोष, म्हणजे आकड्यांची अडचण असलेल्या मुलाला आकृती सहज जमते, भिंगाच्या सूत्रातली अधिक-उणे चिन्हं नाही. तिथे मला अजून नीट वाट सापडलेली नाही.

आणि प्रमाणपत्राचं आत्ताच बघा, आठवीतच. शासनमान्य रुग्णालयातल्या चाचण्या एका फेरीत होत नाहीत, आईवडिलांची मजुरी बुडते. मुख्याध्यापक ‘दहावीला बघू’ म्हणाले तर ऐकू नका.