लोहाला इलेक्ट्रॉन देणारी प्रथिने: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: प्रोस्टेट कर्करोगावरच्या नव्या औषधांचे लक्ष्य ‘स्टीप-१’ हे धातूचे क्षपण करणारे (धातूला इलेक्ट्रॉन देणारे) प्रथिन आहे, असे वाचले. मग ही औषधे कर्करोगाच्या पेशीला मिळणारे लोह बंद करतात का?

नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

रक्तातले लोह ट्रान्सफेरिन या वाहक प्रथिनाला चिकटून, फेरिक (एक इलेक्ट्रॉन कमी असलेल्या) रूपात पेशीपर्यंत येते. पेशी ते एंडोसोम नावाच्या पिशवीत ओढून घेते. पिशवीतला पीएच साडेपाचच्या आसपास उतरला की लोह सुटते. पण त्याला बाहेर नेणारे डीएमटी-१ हे वाहक प्रथिन फक्त फेरस, म्हणजे एक इलेक्ट्रॉन अधिक असलेले, लोह उचलते. मधे एक इलेक्ट्रॉन कमी पडतो. लाल पेशी जिथे तयार होतात तिथे तो स्टीप-३ देते, हे २००५ मध्ये उंदरांवरच्या कामातून कळले; हे प्रथिन बिघडले की उंदरांना रक्तक्षय होतो.

स्टीप कुटुंबात चार भावंडे. प्रत्येकाची साखळी पेशीपटलातून सहा वेळा आरपार जाते आणि अशा तीन साखळ्यांचा एक संच होतो. इलेक्ट्रॉन पेशीद्रवातल्या एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूकडून एफएडी या मदतनीस रेणूकडे, तिथून पटलातल्या हीम या लोहयुक्त रेणूकडे आणि शेवटी पलीकडच्या लोहाकडे किंवा तांब्याकडे जातो. गंमत अशी की एनएडीपीएच धरणारा भाग स्टीप-१ मध्ये नाहीच. एकट्या स्टीप-१ ची पेशीत क्षपणक्षमता मोजायला गेले तर हाती काही लागत नाही. स्टीप-४ चा तो भाग त्याला जोडला की मात्र ते लोहाचे क्षपण करू लागते.

औषधांना स्टीप-१ हवे ते पत्ता म्हणून. १९९९ मध्ये ते प्रोस्टेट कर्करोगाच्या संदर्भात सापडले. गाठीच्या पेशींवर ते भरपूर असते, बहुतेक निरोगी अवयवांत फारच कमी. झालुरिटामिग या प्रतिपिंडाचे दोन हात स्टीप-१ धरतात आणि एक हात टी-पेशीवरचे (शरीराच्या मारक प्रतिकारपेशीवरचे) सीडी-३ हे प्रथिन. दोन हातांमुळे पकड दाट स्टीप-१ असलेल्या पेशीवर घट्ट बसते, विरळ असलेल्या पेशीवर सैल राहते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत ९७ रुग्ण होते. ४९ टक्क्यांमध्ये पीएसए (रक्तातले प्रोस्टेटचे निदर्शक प्रथिन) निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरले. त्याच वेळी ७२ टक्क्यांना सायटोकाइन रिलीज सिंड्रोम (प्रतिकारपेशींचे संदेशक रेणू एकदम सुटल्याने येणारा त्रास) झाला, बहुतेकांना सौम्य. टी-पेशी एकदम चेतवल्या की ताप येतो, रक्तदाब उतरतो; म्हणूनच सुरुवातीचे डोस लहान ठेवून पायरीपायरीने वाढवतात.

प्रश्न: फेरस लोहाला धरून जांभळे होणारे फेरोझिन वापरून स्टीप-३ ची क्षपणक्षमता मोजतो आहे. रिकामा प्लास्मिड (स्टीप-३ चे जनुक नसलेले डीएनएचे वर्तुळ) घातलेल्या पेशींतही जांभळा रंग येतो. कुठे चुकते?

बहुधा प्रथिनात नाही, मांडणीत. फेरोझिन फेरस लोहाला इतके घट्ट धरते की समतोल क्षपणाच्या बाजूला ओढला जातो. त्यावर उजेड पडला तर पेशी नसतानाही रंग चढतो. प्लेट अंधारात ठेवा आणि एकच अंतिम वाचन न घेता दर काही मिनिटांनी वाचन घेऊन वेग काढा. माध्यमातला फेनॉल रेड हा रंगही ५६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो. त्यामुळे पेशी फेनॉल रेड नसलेल्या बफरने दोनदा धुवा, म्हणजे माध्यमात असलेले, स्वतःच लोहाचे क्षपण करणारे ॲस्कॉर्बेटही (क जीवनसत्त्व) निघून जाईल. ५० मायक्रोमोलर फेरिक-एनटीएला (एनटीए हा लोह विरघळलेले ठेवणारा रेणू) २०० मायक्रोमोलर फेरोझिन पुरते. एका फेरसला तीन रेणू लागतात, म्हणून १५० च्या खाली जाऊ नका.

वाचन ५६२ नॅनोमीटरला. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.२७९ म्हणजे १० मायक्रोमोलर फेरस. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रकाशाची वाट बहुधा याहून कमी भरते, तेव्हा हा हिशेब थेट लावू नका. फेरस अमोनियम सल्फेटचा मानक आलेख काढा. तो द्रव ताजा आणि सौम्य आम्लात करा, नाहीतर फेरसचे फेरिक होऊन आलेख खाली बसतो.

एवढे करूनही थोडा रंग उरेल, कारण पेशीच्या पृष्ठभागावर तिची स्वतःची क्षपण करणारी प्रथिने असतातच. ती किंमत वजा करा. हीम धरणारे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बदललेला स्टीप-३ हे रिकाम्या प्लास्मिडपेक्षा चांगले नियंत्रण ठरते. शेवटची अडचण जागेची आहे: फेरोझिन पटल ओलांडत नाही आणि स्टीप-३ मुख्यतः एंडोसोममध्ये बसते. पृष्ठभागावरचा आकडा लहान आला म्हणून प्रथिन निकामी समजू नका.

प्रश्न: मग थेट क्षपणच थांबवणारे औषध का करत नाहीत?

लाल पेशी घडवायला तेच क्षपण लागते, ही पहिली अडचण. दुसरी अधिक अवघड. पेशीत मोकळे फेरस लोह वाढले की पटलातल्या मेदाचे ऑक्सिडीकरण होऊन पेशी मरू शकते. या मृत्यूला २०१२ पासून फेरोप्टोसिस म्हणतात. क्षपण रोखल्याने अशा मृत्यूच्या उंबरठ्यावरची कर्करोगाची पेशी उलट वाचण्याचा धोका आहे.

प्रश्न: वडिलांना असे उपचार सुचवले आहेत. लोहाच्या आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद कराव्यात का?

स्वतःहून नको. क जीवनसत्त्व लहान आतड्यात लोहाच्या क्षपणाला मदत करते हे खरे, पण वर सांगितलेली औषधे क्षपणावर काम करत नाहीत. या आजारात रक्तक्षय वारंवार दिसतो. लोह तोडले तर तो वाढू शकतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी कर्करोगतज्ज्ञांना पहिल्या डोसआधी दाखवा.