चित्रात खिडकी-दार दाखवलं की त्याचा अर्थ काय घ्यायचा?

एकच ठरलेला अर्थ नसतोय बघा, आधी खिडकीतनं उजेड आत येतोय की माणूस बाहेर बघतंय ते पकडायचं. युरोपातल्या जुन्या ख्रिस्ती चित्रांत काच न फुटता आत आलेला उजेड म्हणजे येशूच्या आईचं, मेरीचं पावित्र्य, हे तिथल्या लोकांना न सांगता कळायचं. जर्मन चित्रकार फ्रीडरिशचं १८२२ चं 'खिडकीतली बाई' नेटवर मोठं करून बघा, पाठमोरी बाई, अंधारी खोली आणि बाहेर जहाजाच्या डोलकाठ्या, म्हणजे जायची ओढ आहे पण पाय घरातच, मला तर हे चित्र फार आवडतंय. फ्रेंच चित्रकार मातीसनं १९१४ मध्ये कोलिऊर या फ्रान्समधल्या गावातली उघडी खिडकी काढली आणि मधे सरळ काळा रंग भरला, खाली आधी रंगवलेली बाल्कनीची जाळी अजून थोडी दिसते, महायुद्ध नुकतं सुरू झालेलं म्हणून बरेच जण तो काळोख युद्धाचा मानतात, मलाही तेच पटतंय.

दाराचं वेगळं, तिथं आत-बाहेरची हद्द येते. आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या घरांत चौकटीवर मधोमध गणपती कोरलेला असतोय, उंबऱ्याला हळद-कुंकू, त्यामुळं चित्रातला उंबरा आपल्याला लगेच कळतो. दार अर्धवट उघडं असेल तर कोण आलं का कोण गेलं एवढं आधी शोधा.